जिम्नीमागे कॅम्पर लावताना: १३००चा आकडा विसरा, ७५चा लक्षात ठेवा

"जिम्नी १३०० किलो ओढते, मग हजार किलोंचा कॅम्पर, म्हणजे आत किंवा वर झोपायची सोय असलेला ट्रेलर, घ्यायला काय हरकत आहे?" मेलबर्नमध्ये सुझुकी जिम्नी घेतलेल्या ओळखीच्या मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या माहितीपत्रकात तो आकडा छापलेला आहे, ट्रेलर विकणारा तोच सांगतो, आणि हजार तेराशेपेक्षा कमी आहेत हे सगळ्यांनाच कळतं. पण त्या एका आकड्यावर विसंबून कॅम्पर घेतला तर नुसते पैसे वाया जाऊन भागत नाही, भर हायवेवर गाडी उलटूही शकते. म्हणून हा हिशोब एकदा नीट मांडतो.

जिम्नीवाल्याला ट्रेलर लागतो तो जागेसाठी. तीन-दारी जिम्नीत मागची सीट वर असली की डिकी उरते ८५ लिटरची. त्यात दोन पिशव्या जेमतेम बसतात. मग नजर टपाकडे जाते. टपावर कंपनीने मान्य केलेलं वजन आहे अवघं ३० किलो, आणि टपावरचा तंबू बहुधा पन्नास किलोंच्या पुढे असतो, रॅक वेगळाच. मुळात उंच आणि अरुंद गाडी, तिच्या डोक्यावर हे ओझं चढवलं की प्रत्येक वळणावर ती कलते. तेव्हा तंबू खाली उतरवून मागे ट्रेलरवर न्यावा, हा विचार अगदी बरोबर आहे. पुढचा सगळा प्रश्न आहे ट्रेलर केवढा, आणि त्यात सामान कुठे ठेवायचं याचा.

आधी गाडीचा हिशोब

ऑटोमॅटिक तीन-दारी जिम्नीचं रिकामं वजन १०९० किलो. माणसं आणि सामान धरून ती जास्तीत जास्त १४३५ किलोंपर्यंत भरता येते. या मर्यादेला इथे जीव्हीएम म्हणतात. मधला फरक ३४५ किलोंचा. ऐकायला बरा वाटतो. आता एकेक वस्तू मांडू. दोन मोठी माणसं १५० किलो. टो-बार, म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा दांडा, साधारण २०. पुढे स्टीलचा बुलबार लावायची हौस असते, त्याचे ४० धरा. फ्रिज, दुसरी बॅटरी, कॉम्प्रेसर, हत्यारं मिळून ६०. आणि ट्रेलरचा जो भार टो-बॉलवर (टो-बारच्या टोकाच्या गोळ्यावर) टेकतो तो गाडीच्याच खात्यात मोजायचा असतो, तो ७५ धरू. बेरीज बरोबर ३४५. अजून मागच्या सीटवर कोणी बसलेलं नाही आणि जेवणाचा डबासुद्धा ठेवलेला नाही.

पाच-दारी जिम्नी एक्सएल घेतली तर? ही आपल्या गुरुग्रामच्या कारखान्यात बनून इथे येते, २०२३च्या अखेरीपासून. तिचा जीव्हीएम १५४५ आणि ऑटोमॅटिकचं रिकामं वजन १२००. वजाबाकी करा, उत्तर पुन्हा ३४५च येतं. दोन दारं वाढली, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) वाढला, पण वजन वाहायची मुभा तेवढीच राहिली. आईवडील आणि दोन शाळकरी मुलं बसली की सव्वादोनशेच्या पुढे गेलात. टो-बार आणि बॉलवरचा भार मिळवला की सामानासाठी वीसेक किलो उरतात. चौघांचं कुटुंब घेऊन निघणार असाल तर बुलबार, विंच वगैरे सगळं यादीतून काढून टाका, आणि फ्रिज गाडीत न ठेवता ट्रेलरमध्ये ठेवा. मर्यादा ओलांडून अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, ही गोष्टही मनात असू द्या.

टो-बॉलवरचा भार

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि शोरूममध्ये याबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

ज्यांनी बैलगाडी भरलेली पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाली की सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. जाणता शेतकरी एखादं पोतं पुढेमागे सरकवून तोल साधतो आणि मगच निघतो. एका अ‍ॅक्सलच्या कॅम्परचं हुबेहूब तेच आहे. बैलाच्या मानेच्या जागी टो-बॉल आहे, एवढाच फरक.

बॉलवर थोडा भार हवाच. तो नसेल तर ट्रेलर गाडीची मागची बाजू वर उचलतो आणि रस्त्यावर डुलू लागतो. ऑस्ट्रेलियात पूर्वापार सांगतात की ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या दहा टक्के भार बॉलवर असावा. जिम्नीच्या बॉलवरची कमाल मर्यादा आहे ७५ किलो. म्हणजे दहा टक्क्यांच्या हिशोबाने ट्रेलर झाला ७५० किलोंचा. १३०० किलोंचा ट्रेलर याच हिशोबाने लावायचा तर बॉलवर १३० किलो यायला हवेत, आणि ते गाडीला झेपणारे नाहीत.

मग कंपनीने १३०० कसे लिहिले? युरोपात कॅरव्हॅनचा भार बॉलवर पाच-सात टक्केच ठेवायची पद्धत आहे. तिथल्या कॅरव्हॅन हलक्या बांधणीच्या असतात, जड सामान अ‍ॅक्सलच्या आसपास असतं, रस्ते गुळगुळीत आणि वेग बेताचा. त्या जगात १३०० आणि ७५ ही जोडी जुळते. ऑस्ट्रेलियन कॅम्परची रचनाच निराळी. ड्रॉबारवर (ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर) टूलबॉक्स, जेरीकॅनचे स्टँड, गॅसच्या टाक्या, फ्रिजचा कप्पा, सगळं पुढे ओळीने लावलेलं. मागच्या दारावर भलंथोरलं स्पेअर चाक. असा ट्रेलर रिकामा असतानाच बॉलवर साठ-सत्तर किलो टेकवतो. माझं स्पष्ट मत आहे की अशा बांधणीचा कॅम्पर घेणार असाल तर जिम्नीसाठी खरी मर्यादा ७५० किलोंच्या आसपास समजावी, आणि तीही पाणी, कपडे, धान्य, गॅस सगळं भरून.

हा ७५ किलोंचा भार गाडीवर काय करतो तेही बघू. टो-बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे आहे असं धरा. तीन-दारी जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिलिमीटर. म्हणजे तरफेच्या साध्या नियमाने मागच्या चाकांवर ७५ नव्हे तर सुमारे १०२ किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरचे २७ किलो कमी होतात. पुढची चाकं वळायचं काम करतात आणि ब्रेकचाही मोठा वाटा उचलतात. हजार-अकराशे किलोंच्या गाडीत त्यांच्यावरचे २७ किलो जाणं स्टिअरिंगवर हाताला कळतं. लँडक्रुझरला हेच कळणारही नाही.

भार मोजायला खास यंत्र लागत नाही, घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर प्रवासाला निघताना भरतो तसा पूर्ण भरा, सपाट जमिनीवर उभा करा, चाकांना अडसर लावा. कपलिंगच्या (ट्रेलरचं जे तोंड बॉलवर बसतं त्याच्या) खाली वजनकाटा ठेवा आणि त्यावर लाकडाचा उभा ठोकळा, कपलिंग टो-बॉलच्या उंचीला राहील एवढ्या मापाचा. मग जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढचं टेकूचं छोटं चाक) हळूहळू वर घ्या, म्हणजे कपलिंग ठोकळ्यावर टेकेल. काट्यावर जो आकडा येईल तो तुमचा बॉलवरचा भार. जास्त आला तर सामान सरकवायचं. अ‍ॅक्सलपासून कपलिंग तीन मीटर असेल आणि २० लिटरचा पाण्याचा कॅन अ‍ॅक्सलच्या दीड मीटर पुढे ठेवला असेल, तर तो बॉलवर १० किलो टाकतो. तोच कॅन अ‍ॅक्सलच्या दीड मीटर मागे नेला तर बॉलवरचे १० किलो काढून घेतो. एका कॅनच्या जागेने वीस किलोंचा फरक पडतो, आणि आपल्या हातात एकूण पंचाहत्तरच आहेत.

पाण्याच्या टाकीकडे म्हणूनच विशेष लक्ष द्या. ती अ‍ॅक्सलच्या बरोबर वर असेल तर उत्तम. पुढे असेल तर दोन दिवसांत पाणी संपल्यावर बॉल हलका होतो, आणि परतीच्या वाटेवर ट्रेलर वेगळाच वागतो. कित्येकांना याचं कारण सापडत नाही, ते टायरना दोष देत बसतात.

एकूण वजनासाठी मात्र वे-ब्रिजवर (गाड्यांच्या मोठ्या वजनकाट्यावर) जावंच लागतं. सार्वजनिक वे-ब्रिज इथे बऱ्याच गावांत आहेत, खर्च किरकोळ असतो. ट्रेलरवरच्या पाटीवर एटीएम लिहिलेलं असतं, म्हणजे सुट्या ट्रेलरचं भरून होणारं कमाल वजन. दुकानात मात्र रिकामं वजन मोठ्या अक्षरांत सांगतात. "फक्त ६२० किलो" म्हटलेल्या ट्रेलरमध्ये ८० लिटर पाणी, गादी, चूल, गॅस, स्पेअर चाक, तंबूचं छत आणि आठवड्याचं धान्य भरा, आठशे पार होतात.

ब्रेक

ऑस्ट्रेलियात ट्रेलरच्या चाकांवरचा भार ७५० किलोंपर्यंत असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक नसले तरी कायद्याने चालतं. त्यामुळे बिनब्रेकचे छोटे कॅम्पर बाजारात दिसतात आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो की हे कायदेशीर आहे. ट्रेलर कायदेशीर असतोही. पण जिम्नीची बिनब्रेकच्या ट्रेलरसाठीची मर्यादा फक्त ३५० किलो आहे. कायदा, गाडी, टो-बार, कपलिंग यांपैकी ज्याचा आकडा सगळ्यात लहान तोच लागू होतो. ३५० किलोंत भरलेला कॅम्पर बसत नाही. तेव्हा जिम्नीमागे कॅम्पर म्हणजे ब्रेकवालाच, यात तडजोड करू नका.

ब्रेक दोन तऱ्हेचे मिळतात. ओव्हरराइड ब्रेक यांत्रिक असतात: गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो, त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. स्वस्त, सोपे, आणि दोन हजार किलोंपर्यंत चालतात. दुसरे इलेक्ट्रिक. त्यांचा कंट्रोलर चालकाच्या हाताशी असतो आणि ब्रेक किती जोराने लागावा हे ठरवता येतं. मी इलेक्ट्रिकच घ्या म्हणेन. कारण त्या कंट्रोलरवरचं बटण दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात, आणि ट्रेलर डुलायला लागला की तेच बटण जीव वाचवतं.

डुलणं म्हणजे काय ते सांगतो. शंभरच्या वेगात शेजारून मोठा ट्रक जातो, हवेचा धक्का बसतो, ट्रेलरचं शेपूट एका बाजूला जातं. त्याबरोबर ते गाडीच्या मागच्या भागाला उलट दिशेने ढकलतं. बॉलवर भार कमी असेल, किंवा सामान ट्रेलरच्या दोन टोकांना असेल, तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. गाडी आखूड असल्यामुळे ट्रेलर तिला सहज फिरवतो, आणि तिच्या मानाने ट्रेलर जड असल्यामुळे तिला ते रोखता येत नाही. अशा वेळी हात-पाय उलटच वागायला बघतात: पाय ब्रेकवर जातो, हात स्टिअरिंग फिरवतात. दोन्ही घातक. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा आणि हाताने ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागून ताणला जातो आणि सरळ होतो. वेग वाढवून ट्रेलर सरळ करायचा जुना सल्ला अजून ऐकू येतो; तो ऐकू नका, डुलण्याचं मूळ वेगातच आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहेच. जिम्नीसाठी मी ती ९० समजतो, राज्य कुठलंही असो.

इंजिन

१.५ लिटरचं इंजिन, टर्बो नाही, ७५ किलोवॉट आणि १३० न्यूटन-मीटर. लोकांना याचीच चिंता जास्त असते, आणि मला कमी. ताकद कमी पडली तर तुम्ही हळू जाता, बस. तरी अंदाज असावा. भरलेली गाडी आणि ७५० किलोंचा ट्रेलर मिळून सुमारे २१०० किलो होतात. सहा टक्के चढावर ताशी ८० किलोमीटरने जायचं तर निव्वळ एवढं वजन वर चढवायला सुमारे २७ किलोवॉट लागतात, हवेचा आणि टायरचा विरोध सोडून. इंजिनाचे ७५ किलोवॉट ६००० आरपीएमला मिळतात, त्यामुळे ते घुमवावं लागणार. ग्रेट अल्पाइन रोडवर हॅरिएटव्हिलहून माउंट हॉथमला तीसेक किलोमीटरचा चढ आहे, जागोजागी याहून खडा. तिथे खालच्या गिअरमध्ये ५०-६०च्या वेगाने जा, मागे रांग लागली की रुंद जागा बघून बाजूला घ्या आणि वाट द्या. उतरतानाही तोच गिअर. टाकी ४० लिटरचीच आहे आणि ट्रेलरमागे पेट्रोल भराभर जातं. शंभर किलोमीटरला बारा लिटर लागले तर सव्वातीनशेच्या आसपास टाकी कोरडी होते. आउटबॅकमध्ये (ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या आतल्या भागात) दोन पंपांमधलं अंतर आधी बघून ठेवा.

आणखी एक: लो-रेंज (फोर-व्हील ड्राइव्हचे जास्त ताकदीचे, कमी वेगाचे गिअर) डांबरी रस्त्यावर लावू नका. ट्रेलर चढावर मागे घेताना मोह होतो, पण जिम्नीत लो-रेंज म्हणजे चारही चाकं एकत्र जखडलेली. कोरड्या डांबरावर वळताना सगळा ताण गिअरांवर आणि शाफ्टवर येतो.

वाळूत आणि कच्च्या रस्त्यावर

एकटी जिम्नी वाळूत कमाल चालते. हलकी असल्यामुळे ती रुतत नाही, जड गाड्या जिथे अडकतात तिथून अलगद निघून जाते. ट्रेलर लावला की नेमका हाच गुण जातो, कारण मागे आणखी दोन चाकं वाळू उकरत येतात आणि त्यांना कोणी फिरवत नसतं.

इथे चाकांमधल्या रुंदीचा मुद्दा येतो. जिम्नीच्या पुढच्या चाकांमधलं अंतर १३९५ मिलिमीटर, मागच्यांमधलं १४०५. बाजारातले बहुतेक ऑफ-रोड कॅम्पर मोठ्या गाड्यांच्या रुंदीने बांधलेले असतात. मग गाडीने दाबून तयार केलेल्या चाकोरीत ट्रेलरची चाकं चालत नाहीत, बाजूच्या भुसभुशीत वाळूतून स्वतःची चाकोरी पाडत येतात. गाडीला दुप्पट कष्ट. गारी बेटावर (२०२३पर्यंत अधिकृत नाव फ्रेझर आयलंड) इन्स्किप पॉइंटच्या बाजूने जाताना सुरुवातीच्याच मऊ वाळूत हे कळून चुकतं. अरुंद अ‍ॅक्सलचा ट्रेलर बनवून देणारे छोटे कारखाने आहेत. बनवून घेत असाल तर चाकंही जिम्नीचीच सांगा, १९५/८०चे १५ इंची टायर आणि पाच बोल्टची तीच मापं. एक स्पेअर दोघांनाही चालतं आणि तेवढं वजन वाचतं.

वाळूत शिरण्याआधी गाडीची आणि ट्रेलरची, दोघांचीही हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा. पुष्कळ जण ट्रेलरची विसरतात. भरतीच्या वेळेचा तक्ता जवळ ठेवा आणि ओहोटीच्या आगेमागेच किनाऱ्याने जा.

रुतलात तर एक गोष्ट कधीही करू नका: टो-बॉलला पट्टा अडकवून गाडी ओढू नका. ओढताना बॉल तुटला तर तो गोळीसारखा सुटतो, ऑस्ट्रेलियात यात माणसं दगावली आहेत. ठरलेल्या क्षमतेचे रिकव्हरी पॉइंट (गाडी ओढून काढायला पट्टा अडकवायच्या जागा) आधीच बसवून घ्या. शक्य असेल तर ट्रेलर सोडवा, गाडी कठीण जमिनीवर न्या आणि तिथून लांब पट्ट्याने ट्रेलर ओढा.

किम्बर्लीतल्या ६६० किलोमीटरच्या गिब रिव्हर रोडसारख्या रस्त्यांवर खडखडाट ट्रेलरची परीक्षा घेतो. तिथे साधा ५० मिलिमीटरचा बॉल चालतो, पण खोल घळीतून जाताना गाडी एका कोनात आणि ट्रेलर दुसऱ्याच कोनात गेला की कपलिंग अडकतं. सगळ्या दिशांनी फिरणारं डीओ-३५सारखं कपलिंग अशा वाटांसाठी बरं. ट्रेलरला शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहेत ना, हे वाकून बघा. स्वस्त ट्रेलरला नुसते पाटे असतात. सिम्पसन वाळवंट ट्रेलरसह पार करायचा विचार मात्र सोडून द्या. तिथे वाळूच्या हजारच्या वर टेकड्या आहेत आणि तिथे ट्रेलर नेऊ नका असंच सांगतात. जिम्नीने सिम्पसन करायचं तर जमिनीवरचा तंबू घ्या आणि एकटी गाडी न्या.

मग घ्यायचा कोणता?

लोखंडी फरशी उलगडून उभे राहणारे हार्ड-फ्लोर कॅम्पर आणि त्यांचे मोठे भाऊ हायब्रिड (अर्धे कॅम्पर, अर्धे कॅरव्हॅन), दोन्ही बाद. त्यातले बहुतेक रिकामेच हजार किलोंच्या घरात किंवा वर असतात. उरतात तीन प्रकार. छोटा टीअरड्रॉप: आत झोपायला गादी, मागे उघडणारं स्वयंपाकघर, बुटका, हवेला विरोध कमी. दोघांसाठी याहून चांगलं काही नाही. दुसरा, कापडी तंबू जमिनीवर उलगडणारा सॉफ्ट-फ्लोर. लावायला अर्धा तास लागतो, पण चौघं झोपतात आणि वजन आटोक्यात राहतं. तिसरा, ब्रेक असलेला साधा बॉक्स ट्रेलर, त्यावर चौकट आणि चौकटीवर तोच तंबू जो टपावर लावणार होतात. सगळ्यात स्वस्त पडतो, आणि तंबू ट्रेलरच्या कठड्याच्या उंचीलाच ठेवलात तर चालतोही चांगला.

जुना घेत असाल तर पाटीवरचं एटीएम वाचा, वजनकाटा आणि ठोकळा सोबत न्या आणि मालकासमोरच बॉलवरचा भार मोजा. रिकाम्या ट्रेलरला काटा पंचाहत्तर दाखवत असेल तर किंमत कितीही चांगली असो, तो जिम्नीचा ट्रेलर नव्हे.